कॉलेज कुणाचं, आंबे कुणाचे?

निकाल लागले की आपल्या वस्त्यावस्त्यांतून गुणगौरव समारंभ होतात. विहारापुढं मांडव, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार, दहावी-बारावी पास झालेल्या पोरापोरींना वही, पेन आणि गुलाबाचं फूल. पाहुणा म्हणून कुणी क्लास वन अधिकारी, नाहीतर प्राध्यापक. त्याचं भाषण आपल्याला आधीच पाठ असतं. 'समाजाचं ऋण विसरू नका.' टाळ्या पडतात. साहेब चहा घेतात, समितीची पाचशे-हजाराची पावती फाडून घेतात आणि गाडीत बसून जातात. पुढल्या निकालापर्यंत ऋण फिटलं.

मित्रांनो, या 'ऋण' शब्दाचीच एकदा झडती घ्यायला पाहिजे. हा शब्द आला कुठून? वैदिक परंपरा सांगते की माणूस जन्मतो तोच तीन ऋणं डोक्यावर घेऊन. देवांचं, ऋषींचं, पितरांचं. कर्ज त्यानं मागितलेलं नाही, अंगठा उठवलेला नाही, तरी तो कर्जदार. जन्मानं लागलेलं देणं! आपल्याला हे नवीन आहे का? महारकीचं वतन म्हणजे तरी दुसरं काय होतं? बापानं सरकारी टपाल पोचवलं, मेलेली ढोरं ओढली, म्हणून लेकानंही ओढायची. बदल्यात तुकडाभर जमीन आणि दारोदार हात पसरून आणलेलं बलुतं. बाबासाहेब १९२८ साली वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल घेऊन मुंबईच्या कायदेमंडळात उभे राहिले. ही वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडावं लागलं. एवढी झुंज देऊन जे जन्मसिद्ध देणं आपण फेकून दिलं, तेच आता सत्काराच्या शालीत गुंडाळून परत घरात आणायचं?

आणि कर्ज म्हटलं की सावकार आला. इथं सावकार कोण? समाज. पण गंमत अशी की मांडवात सावकार सतरंजीवर बसलेला असतो आणि कर्जदार खुर्चीवर. कर्जदार भाषण करतो, सावकार टाळ्या वाजवतो. देणारा मोठा होतो, घेणारी वस्ती मागणारी होते. म्हणजे फिरून बलुत्याचीच रीत, फक्त पाटलाच्या जागी आपलाच माणूस.

तर ऋण हा शब्द टाकून देऊ. पण टाकल्याबरोबर दुसरा एक गडी पुढं येतो. तो म्हणतो, 'बरोबर आहे तुमचं. मी कुणाचं काही लागत नाही. मी माझ्या मेहनतीनं शिकलो. स्कॉलरशिप मिळाली ती भीक नव्हती, हक्क होता. राखीव जागा घटनेनं दिली. हक्काच्या वस्तूचं बिल कुणी पाठवतं का?' या माणसाला शिव्या घालून भागत नाही. आपल्या सभांतून त्याला ब्राह्मण झाला, पांढरपेशा झाला, विकला गेला असं म्हणण्याची चाल आहे. पण त्याचा मुद्दा तसाच उभा राहतो. हक्काचं बिल नसतं हे खरंच आहे. बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या माणसांविषयी दुःख बोलून दाखवलं, ते आपल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. आपण ते दुःख दरवर्षी उगाळतो. पण दुःख उगाळून या गड्याला उत्तर मिळत नाही. त्याला कारण द्यावं लागेल.

ते कारण मला एका कॉलेजच्या नावात सापडलं. म्हणून त्या कॉलेजची हकिकत आधी सांगतो.

१९५० सालचा मराठवाडा डोळ्यांपुढं आणा. निजामाची राजवट जाऊन दोन वर्षं पुरी झालेली नव्हती. विद्यापीठ हैदराबादेत, वरच्या शिक्षणात निजामाच्या काळात उर्दूचं राज्य. औरंगाबादेत एक सरकारी इंटरमिजिएट कॉलेज. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला अजून आठ वर्षं होती. अशा वेळी, जून १९५० मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं. सोसायटी बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापलेली. पुढल्याच वर्षी तिनं मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं होतं, तेही लष्कराच्या रिकाम्या बराकींत, आणि दिवसा नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून तिथं सकाळचे वर्ग ठेवले होते. औरंगाबादच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली ती १ सप्टेंबर १९५१ ला. म्हणजे वर्ग आधी भरले, दगड नंतर बसला. हा क्रम ध्यानात ठेवा. आज आपल्याकडं आधी कमान उभी राहते, कमानीवर अध्यक्षांचं नाव रंगवलं जातं, आणि वर्गात मास्तर आहे का हे विचारायचं राहून जातं.

या कॉलेजचं नाव पुढं मिलिंद महाविद्यालय झालं आणि परिसराचं नाव नागसेनवन. देणगीदाराचं नाव नाही, संस्थापकाच्या आईबापाचं नाही. मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा. नागसेन हा भिक्खू. राजानं प्रश्न विचारले, भिक्खूनं उत्तरं दिली, त्याचा ग्रंथ म्हणजे मिलिंदपञ्ह. आता बघा, कॉलेजला नाव उत्तर देणाऱ्याचं दिलं नाही, प्रश्न विचारणाऱ्याचं दिलं. उत्तर देणारा आसपासचं रान झाला. मला तरी हे नाव म्हणजे शिक्षणाची अख्खी कल्पना वाटते. प्रश्न घेऊन ये, आणि उत्तर पटलं तर राजेपण बाजूला ठेवून मान्य कर.

आणि दार सगळ्यांना उघडं. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस आपल्या जातीतले नव्हते. पण त्यांनी 'युगयात्रा' लिहिलं आणि कॉलेजच्या पोरांनी ते रंगमंचावर आणलं. पुढं डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेहून शिकून आले, प्राचार्य झाले, आणि काळ्या लेखकांचं साहित्य काय असतं हे इथल्या पोरांना त्यांनी सांगितलं. गंगाधर पानतावणे इथं शिकवत होते. १९६७ च्या सुमारास 'अस्मिता' निघालं, त्याचंच पुढं 'अस्मितादर्श' झालं. आज आपण ज्याला दलित साहित्य म्हणतो त्याची एक मोठी मुळी या रानात आहे. खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन आलेला पोरगा वसतिगृहात राहायचा, रात्री कुणाची तरी कविता ऐकायचा, सुट्टीत गावी जाऊन तीच म्हणायचा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या किती पोरांचे आईबाप खडी फोडत होते, सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढत होते, आणि पोरगा कॉलेजात होता. कॉलेजनं गावाला काय दिलं याचा हिशेब मांडायचा तर इमारती मोजून चालणार नाही. गावात पत्र वाचणारा माणूस आला, तहसीलदाराला अर्ज लिहिणारा आला, 'सातबारा दाखवा' म्हणणारा आला. पाटलाच्या वाड्यावर खरी अडचण झाली ती याची.

मग वाढ झाली. कला वेगळं, विज्ञान वेगळं, वाणिज्य, कायदा, हायस्कूल, १९९४ साली इंजिनिअरिंग. एका झाडाच्या जागी राई. पण या वाढीबरोबरच प्रश्नही वाढला, आणि तो फक्त नागसेनवनाचा नाही, आपल्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या प्रत्येक संस्थेचा आहे. विश्वस्त एकमेकांवर दावे लावतात, वकील सुखी होतात, आणि दोन्ही बाजू कोर्टात म्हणतात की खरी संस्था आमची. कोणती संस्था?

इथं नागसेन आठवतो. त्यानं राजाला विचारलं होतं, 'महाराज, आपण पायी आलात की रथात?' राजा म्हणाला, रथात. मग रथ दाखवा. दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. शेवटी कबूल झाला की हे सगळं एकमेकांच्या आधारानं असलं म्हणजे त्याला रथ हे नाव मिळतं. आता हाच प्रश्न कॉलेजला लावा. जमीन म्हणजे कॉलेज का? ट्रस्ट डीड म्हणजे कॉलेज का? प्राचार्यांची केबिन? नॅकची ग्रेड? एकएक काढून बाजूला ठेवत गेलो तर हातात काही उरत नाही. आणि जोडत गेलो तर यादी कुंपणाच्या आत थांबत नाही. मेसमध्ये भाकरी थापणारी बाई आली, गेटसमोरचा झेरॉक्सवाला आला, पोरांना उधारीवर चहा देणारा आला, भीमनगर-भावसिंगपुऱ्यातली ती घरं आली जिथं वसतिगृहात जागा न मिळालेली पोरं खोली करून राहिली. यांतलं काही काढलं तर रथ चालत नाही. मग ज्याला आपण संस्था म्हणतो तिची हद्द सात-बाऱ्यावरच्या हद्दीपेक्षा मोठी आहे. ही माझी भावना नाही, रथाचा हिशेब आहे.

आता त्या 'माझ्या मेहनतीनं' वाल्या गड्याकडं वळू. मिलिंदपञ्हात आंब्याच्या चोराचा खटला आहे. एकानं दुसऱ्याचे आंबे चोरले. धन्यानं त्याला राजापुढं नेलं. चोर म्हणतो, 'मी याचे आंबे घेतलेच नाहीत. यानं जे लावले ते आंबे वेगळे, मी झाडावरून काढले ते वेगळे.' नागसेन राजाला विचारतो, हा चोर सुटेल का? राजा म्हणतो, नाही. जे तोडले ते जे लावले त्याच्यावाचून आलेच नसते.

प्रश्न पुनर्जन्माचा होता, तो सध्या बाजूला ठेवा. ही रीत बघा. इथं ऋण नाही, जन्माचं देणं नाही, कुणी सावकार नाही. फक्त एवढंच आहे की हे असल्यामुळं ते आलं. ज्याला आपण विहारात प्रतीत्यसमुत्पाद म्हणतो आणि म्हणून विसरतो, तेच. तुझी डिग्री तुझीच आहे, मेहनत तुझीच आहे. पण ती कोय लावली कुणी, पाणी घातलं कुणी? तू शिकलास तेव्हा तुझा थोरला भाऊ सालगडी राहिला. बहीण सातवीतून काढली. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली. १९४४ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांना मॅट्रिकच्या पुढं शिकायला केंद्र सरकारची स्कॉलरशिप सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. ती आकाशातून पडली नाही. आणि तुझ्याबरोबर वर्गात बसायला पाहिजे होता पण बसला नाही, तो शेजारचा पोरगा? त्यानं तुला काही दिलं नसेल. तरी ज्या चळवळीच्या मोर्चात तो चालला, दंडुके खाल्ले, त्या चळवळीनं ती राखीव जागा राखून धरली, आणि तिच्यावर बसलास तू. मग त्या आंब्यात त्याचा वाटा आहे. मी 'वाटा' म्हणतो, 'उपकार' म्हणत नाही. वाटेकऱ्याला हात पसरावा लागत नाही. तो येऊन विचारतो, यंदा किती आले?

ऋण आणि वाटा यांत फरक काय, असं कुणी म्हणेल. मोठा फरक आहे. ऋण देणारा ठरवतो केव्हा आणि किती. वाट्यात वाटेकरी हिशेब मागू शकतो. सत्काराला आलेल्या साहेबाला मग वस्तीनं टाळ्या वाजवायच्या नाहीत, प्रश्न विचारायचे. तुमच्या खात्यात सफाईची कामं कंत्राटावर गेली तेव्हा तुम्ही फायलीवर काय लिहिलंत? वसतिगृहाचा भत्ता सहा महिने अडकला तेव्हा तुम्ही कुठल्या खुर्चीवर होतात? पाचशेची पावती नको, फाईल दाखवा.

या रीतीला दुसरी धार आहे आणि ती आपल्या जखमेवरून जाते. त्याच ग्रंथात आंब्याशेजारी दिव्याचा दृष्टांत आहे. एक माणूस दिवा घेऊन माडीवर जेवायला बसला. दिव्यानं छपराचं गवत पेटलं, गवतानं घर, घरानं गाव. गावकऱ्यांनी धरलं तर तो म्हणतो, 'मी ज्या दिव्याच्या उजेडात जेवलो ती आग वेगळी, गाव जाळलं ती वेगळी.' २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडाभर आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंचा खून झाला. शहरातले पुढारी, संपादक, प्राध्यापक म्हणत राहिले की आमचा विरोध तात्त्विक आहे, प्रदेशाच्या अस्मितेचा आहे, जाळपोळीशी आमचा संबंध नाही. माडीवर जेवणारे! त्यांना आपण तेव्हा जे उत्तर दिलं, तेच उत्तर आज आपल्या शिकलेल्या माणसाला देतो आहोत. दुसऱ्याच्या आगीला कारण लावायचं आणि आपल्या आंब्याला लावायचं नाही, हे चालायचं नाही.

सोळा वर्षं गेली. १९७९ चा लाँग मार्च झाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. शहराचं नावही आता छत्रपती संभाजीनगर आहे. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर आजही माणसांचा पूर येतो, पुस्तकांच्या दुकानांपुढं पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत कधीच कॉलेजात न गेलेल्या म्हाताऱ्या असतात, कमानीपुढं हात जोडून उभ्या. त्यांना कुणी सांगावं लागत नाही की हे आपलं आहे. पण १५ जानेवारीला त्याच म्हातारीला आत कशाला सोडतात का, हे जाऊन बघण्यासारखं आहे.

अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' म्हणून चीज आहे. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगानं हा शब्द उचलून धरला. दोन वर्षांचं शिक्षण, फी कमी, घराजवळ, आणि संध्याकाळी वस्तीतल्या मोठ्या माणसांनाही दार उघडं. शिकागोच्या पश्चिम भागात क्रेन ज्युनिअर कॉलेज होतं. तिथल्या काळ्या पोरांनी आणि वस्तीनं लावून धरलं, आणि १९६९ साली त्याचं नाव माल्कम एक्स कॉलेज झालं. माल्कम एक्सचा खून होऊन चारच वर्षं झाली होती. आपल्याला सोळा लागली, यावरून तिकडं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. गोऱ्यांना चार वर्षांचं विद्यापीठ आणि काळ्यांना घराजवळचं दोन वर्षांचं, ही वाटणी तिथंही टीकेचा विषय आहे. आपल्याकडं २०१३ च्या सुमारास यूजीसीनं कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, ती मुख्यतः कौशल्याच्या कोर्सेसची. कौशल्य वाईट नाही. पण बाबासाहेबांनी आपल्या पोरांसाठी आयटीआयवर समाधान मानलं नव्हतं. त्यांनी तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र शिकवणारं कॉलेज मराठवाड्याच्या माळावर आणून ठेवलं. 'वस्तीचं कॉलेज' म्हणजे वस्तीच्या लायकीचं कॉलेज, असा अर्थ कुणी लावू लागला तर तिथंच त्याला अडवा.

एका गावातली हकिकत सांगतो. गावाचं आणि संस्थेचं नाव घेत नाही. संस्था आपल्याच माणसांची. मोठं मैदान, तारेचं कुंपण, गेटला कुलूप. वस्तीतल्या सात-आठ पोरी पोलीस भरतीची तयारी करतात. पोरींना आठशे मीटर पळावं लागतं, सेकंदावर मार्क जातात. पहाटे मैदान उघडा, एवढंच त्यांचं मागणं. उत्तर आलं, आय-कार्ड नाही, उद्या कुणी पडलं-झडलं तर जबाबदार कोण? त्या मग बायपासवर पळायला लागल्या, उसाच्या ट्रॅक्टरांच्या कडेनं.

संस्थाचालक वाईट माणूस नाही. चळवळीत लाठ्या खाल्लेला आहे. भाषणात 'समाजाचं ऋण' तोही म्हणतो. त्याला मी आंब्याची गोष्ट सांगितली तर तो हसला आणि म्हणाला, 'गोष्ट चांगलीय, पण इन्शुरन्सवाल्याला सांगा.' मी म्हटलं, जबाबदार कोण हा प्रश्न तुम्ही बरोबर विचारला. बायपासवर कुणी ट्रॅक्टरखाली आलं तर जबाबदार कोण, तेही त्याच कागदावर लिहा. तो गप्प झाला, पण कुलूप निघालं नाही.

पोरींनी दुसऱ्यांदा अर्ज केला. या वेळी 'विनंती' हा शब्द त्यांनी खोडला आणि मैदानाच्या सपाटीकरणाला ज्या बायांनी रोजंदारीवर माती वाहिली होती त्या बारा जणींची नावं खाली लिहिली. त्यांतल्या दोघी या पोरींच्या आज्या आहेत. सही येत नव्हती त्यांनी अंगठे दिले. अर्जावर आवक नंबर पडला आहे. उत्तर अजून नाही.